बाबांना १ कोटीची लॉटरी लागलीय, आता नोकरी सोडायची का, घर विकायचं का, कुणाला सांगायचं?

प्रश्न थोडक्यात असा आलाय: आम्ही बडोद्याला मांजलपूरला राहतो. बाबा ५३ वर्षांचे, मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) एका कारखान्यात टर्नर, म्हणजे लेथ मशीनवरचे कारागीर आहेत, हातात पगार ४२ हजार. धुळ्याला लग्नाला जाताना नवापूरला उतरले तेव्हा त्यांनी महाराष्ट्र लॉटरीच्या बंपरचं तिकीट घेतलं, त्याला १ कोटी लागले. बाबा म्हणतात नोकरी सोडतो आणि टेनामेंट (आमचं छोटं स्वतंत्र घर) विकून वासणा-भायलीकडे बंगला घेऊ. आई म्हणते कुणाला सांगायचं नाही, पण तोवर बाबांचं तिघांना सांगून झालंय. लॉटरी लागलेली माणसं पुढे नेमकी कशी राहतात? सगळी कंगाल होतात म्हणतात ते खरं का?

आधी अभिनंदन, आणि तिकीट आत्ता कुठे आहे ते बघा. चेष्टा नाही करत. माझ्याकडे एक काका आले होते, त्यांच्या घरी तिकीट देव्हाऱ्यात ठेवलेलं, काकूंनी भक्तिभावाने त्याला हळदकुंकू वाहिलं ते नेमकं नंबरावर, आणि संध्याकाळी निरांजनातलं तूप सांडून एका कोपऱ्याला डाग पडला. काका ते तिकीट गॅसच्या पुस्तकात घालून घेऊन आले आणि मला विचारतात हे पुसू का. म्हटलं हात लावू नका! पुढे पैसे मिळाले, पण लॉटरीच्या ऑफिसात साहेबांनी ते तिकीट उजेडात धरून उलटंपालटं करून बघितलं तेवढ्या वेळात काकांचं बीपी कुठे गेलं असेल देव जाणे. तेव्हा दोन्ही बाजूंचे फोटो काढा, मागे बाबांचं नाव-पत्ता-सही घाला, झेरॉक्स काढा आणि तिकीट लॉकरमध्ये. क्लेमची मुदत आणि नियम वाचून ठेवा, ही मुदत मोठी नसते, केरळात तर सोडतीपासून ३० दिवसांत तिकीट जमा करावं लागतं.

आता मी कोण ते सांगतो. बडोद्यातच दांडिया बाजारात २७ वर्षं सीएची प्रॅक्टिस करतोय. लॉटरीवाले माझ्याकडे इतक्या वर्षांत चारच आले, कारण गुजरातेत लॉटरी विकायला परवानगीच नाही, चौघांनीही बाबांसारखीच महाराष्ट्रात गेल्यावर तिकिटं घेतलेली (त्यातले दोघं नवापूरचेच, ते स्टेशनही गंमतीचं आहे, अर्धं गुजरातेत अर्धं महाराष्ट्रात). पण अचानक पैसा आलेली घरं म्हणाल तर पन्नासेक बघितली असतील, एक्स्प्रेसवेत जमीन गेलेली, बुलेट ट्रेनमध्ये गेलेली, व्हीआरएसवाली, काकाचा वाडा बिल्डरला देऊन हिस्सा मिळालेली. पैसा कुठून आला त्यावर टॅक्स बदलतो, माणसांचं वागणं मात्र चमत्कारिकपणे सारखं असतं.

टॅक्सचं पटकन उरकतो कारण इथे बहुतेक जण पहिला फटका खातात. लॉटरीवर सरसकट ३०% टॅक्स, त्यात कसली वजावट नाही, सूट नाही, तिकिटांवर आजवर घातलेले पैसेसुद्धा वजा होत नाहीत. (कलमांचे नंबर देत नाही, २०२५च्या नव्या आयकर कायद्याने नंबर बदललेत, टक्का तोच आहे.) हे ३० लाख टीडीएस म्हणून आधीच कापून घेतात आणि खात्यात ७० लाख येतात. लोक समजतात हिशोब मिटला. नाही मिटला. टीडीएस कापताना सरचार्ज आणि सेस (टॅक्सवर लागणारे जादा टॅक्स) कापत नाहीत, तो तुम्ही नंतर भरायचा असतो. नुसतं १ कोटीच उत्पन्न असतं तर सरचार्ज १०% लागला असता, पण बाबांचा वर्षाचा पाच लाख पगार त्यात मिळवला की एकूण आकडा कोटीच्या वर जातो आणि सरचार्ज होतो १५%. म्हणजे ३० लाखांवर साडेचार लाख, त्या सगळ्यावर ४% सेस म्हणजे १ लाख ३८ हजार, एकूण ३५ लाख ८८ हजार. तेव्हा त्या ७० लाखांतले ५ लाख ८८ हजार अजून सरकारचेच आहेत, ॲडव्हान्स टॅक्सचा पुढचा हप्ता येईल त्यात भरून टाका नाहीतर व्याज लागेल. आयकर खात्याच्या वेबसाइटवर बाबांच्या नावावर हा टीडीएस दिसतोय का तेही बघा. केरळच्या ओणम बंपरचं २०२२चं बक्षीस आठवतंय का, २५ कोटींचं, एका रिक्षाचालकाला लागलेलं? १०% एजंटचं कमिशन आणि टीडीएस जाऊन हातात १५ कोटी ७५ लाख येणार म्हणून पेपरात आलं, पण तेव्हाचा ३७% सरचार्ज आणि सेस धरला तर खरे उरतात १२ कोटी ८८ लाखांच्या आसपास. जवळजवळ तीन कोटींचा फरक, आणि तो कळायच्या आत माणसाने ते पैसे खर्चून टाकले असतील तर? (जमीन २०१३च्या कायद्याखाली सक्तीने संपादित झाली असेल तर ती भरपाई आयकरातून माफ आहे, ते प्रकरण वेगळं, तुमच्याकडे नाही म्हणून सोडतो.)

तर तुमच्या १ कोटीचे खरे झाले ६४ लाख. ते सगळेच्या सगळे ७ टक्क्यांनी एफडीत टाकले, एक पैसा खर्च केला नाही, तर वर्षाचं व्याज साडेचार लाखाला थोडं कमी, महिन्याला ३७ हजार. बाबांचा पगार ४२ हजार. म्हणजे लॉटरी लागली याचा अर्थ घरात अजून एक कमावता माणूस आला, बाबांपेक्षा थोडा कमी पगाराचा, जो कधी आजारी पडत नाही पण ज्याला इन्क्रिमेंटही कधी मिळणार नाही. महागाई ६ टक्के धरली तर बारा वर्षांत वस्तूंचे भाव दुप्पट होतात, म्हणजे बाबा ६५चे होतील तेव्हा ते ३७ हजार आजच्या साडेअठरा हजारांसारखे. हा आकडा बाबांना कागदावर लिहून दाखवा, तोंडी सांगून उपयोग नाही. कोटी हा शब्दच असा आहे की तो उच्चारला की माणसाला भागाकार सुचत नाही.

आता कंगाल होण्याचं. तो ७० टक्क्यांचा आकडा तुम्हीही वाचला असेल, लॉटरीवाले ७० टक्के लोक काही वर्षांत दिवाळखोर होतात म्हणून. अमेरिकेतल्या ज्या संस्थेच्या नावावर तो खपवतात तिनेच २०१८ साली सांगितलं की आमचा असा काही अभ्यास नाही. तरी तो फिरतोच, कारण आपल्याला ऐकायला बरं वाटतं, नाही लागली तेच बरं झालं असं म्हणता येतं. खरे अभ्यास बघितले तर चित्र जरा मिश्र आहे. स्वीडनमध्ये हजारो विजेत्यांकडे बघून २०२० साली छापलेला अभ्यास सांगतो की मोठं बक्षीस लागलेले लोक दहा वर्षांनंतरही आपल्या आयुष्यावर इतरांपेक्षा जास्त समाधानी होते. फ्लोरिडात दुसरं दिसलं. तिथे ५० हजार ते दीड लाख डॉलर जिंकलेले लोक पहिल्या दोन वर्षांत कमी दिवाळखोर झाले आणि तिसऱ्या ते पाचव्या वर्षात तेवढेच जास्त, म्हणजे बक्षिसाने संकट टाळलं नाही, पुढे ढकललं. आणि जुना १९७८चा इलिनॉयचा अभ्यास तर प्रसिद्धच आहे, फक्त २२ विजेते होते त्यात, त्यामुळे फार ताणू नये, पण एक गोष्ट त्यात होती ती मला माझ्या ऑफिसात दिसलेली आहे: नाश्ता, मित्राशी गप्पा, एखादा विनोद, अशा रोजच्या गोष्टींतली मजा विजेत्यांना इतरांपेक्षा कमी वाटायची.

माझ्याकडच्या लोकांत कंगाल म्हणावा असा एकच. बाकीचे ठीक आहेत. आणि जो बुडाला तो गाडी घेऊन किंवा दारू पिऊन नाही बुडाला, तेच तर लोकांना कळत नाही. दोघं भाऊ होते, वडोदरा जिल्ह्यातच गाव, जमीन रस्त्यात गेली, दोघांना सारखेच पैसे. मोठ्याने आल्या आल्या मोठी पांढरी गाडी घेतली, साऱ्या गावाने नावं ठेवली. धाकट्याने काहीच घेतलं नाही, जुनी बाईक, सगळे म्हणायचे बघा किती शहाणा. आज गाडीवाला सुखात आहे, त्याने उरलेल्या पैशात दोन गावं पलीकडे शेत घेतलं, ते कसतो, गाडी जुनी झाली तरी वापरतो. धाकटा बुडाला, का तर तो कुणाला नाही म्हणू शकत नव्हता. मेव्हण्याला पार्टी प्लॉट (लग्नाकार्याला भाड्याने द्यायचं मैदान) काढायचा होता त्यात पार्टनर झाला, मित्राच्या कर्जाला गॅरंटर राहिला, एकाला हातउसने, एकाला लेकीच्या लग्नाला, सगळे आपलेच, सगळे अडलेले, एकही माणूस खोटा नव्हता हो! पण पाच वर्षांत सगळं वाटून झालं आणि ज्यांना दिलं ते आता रस्ता ओलांडून पलीकडून जातात कारण तोंड दाखवायची लाज वाटते. पैसा गेला आणि माणसंही गेली. म्हणून मी गाडीला फार भीत नाही, गाडीची किंमत एकदाच ठरते. होकाराची किंमत कधीच ठरत नाही.

त्या केरळच्या रिक्षाचालकानेही थोड्याच दिवसांत हेच सांगितलं होतं, की दारात मदत मागणाऱ्यांची रांग लागते, घरात राहता येत नाही, एवढं मोठं बक्षीस लागायलाच नको होतं. त्यानंतर केरळ सरकारने विजेत्यांना पैशाचं नियोजन शिकवायचा वर्गच सुरू केला. आपल्याकडचं उदाहरण म्हणजे केबीसीत २०११ साली ५ कोटी जिंकलेला बिहारचा तरुण, त्याने २०२० साली स्वतःच सगळं उघडपणे लिहिलं होतं, गुप्तदान करत सुटलो, लोकांनी फसवलं, व्यसन लागलं. पुढे तो सावरला, सरकारी परीक्षा देऊन शिक्षक झाला. म्हणजे शेवटी गाडी रुळावर आली ती रोज सकाळी उठून कुठेतरी जायचंय या एका गोष्टीने.

इथे मला माझी चूक सांगायला पाहिजे. २०११ साली माझ्या एका क्लायंटला, तेव्हा ४६ वर्षांचा, वाड्याच्या विक्रीतून चांगली रक्कम मिळाली, तुमच्या बाबांपेक्षा बरीच जास्त. त्याने विचारलं नोकरी सोडू का. मी कॅल्क्युलेटर घेतला, व्याज काढलं, घरखर्च काढला, महागाई धरली, म्हटलं आरामात सोडा, पुरून उरेल. हिशोब अगदी बरोबर होता, आजही बरोबर आहे. तो पहिले तीन महिने अष्टविनायक, काशी, गोवा करून आला. मग बायकोने त्याला सांगितलं की तुम्ही दिवसभर घरात असता तर माझं काही सुचत नाही. मग एक दिवस तो सकाळी अकराला माझ्या ऑफिसात आला, चहा घेतला, पेपर वाचला, दीडला जेवायला घरी गेला. दुसऱ्या दिवशी परत आला. ते आजतागायत चालू आहे. पैशाने त्याचं काहीही वाईट झालेलं नाही, एकही एफडी मोडलेली नाही. पण मी त्याला जे विचारायला हवं होतं ते विचारलंच नाही, की सकाळी अकराला तू कुठे असशील?

म्हणून बाबांनी नोकरी सोडू नये असं माझं स्पष्ट मत आहे, निदान वर्षभर तरी. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या विजेत्यांचा अभ्यास झालेला आहे, त्यात लोकांनी काम कमी केलं पण सगळ्यांनी एकदम सोडलं असं दिसलं नाही. बाबा टर्नर आहेत, हातात कसब आहे, फोरमनला सांगून नाइट शिफ्ट बंद करून घ्या, ओव्हरटाइम बंद, रविवार मोकळा. पैशाने विकत घ्यायची सगळ्यात छान गोष्ट तीच आहे, की साहेब ओरडला तर ऐकून घ्यायचं की नाही हे आपण ठरवायचं. एक क्लायंट मला म्हणाला, सीए साहेब, काम तेच आहे पण आता भीती वाटत नाही त्यामुळे ते आवडायला लागलंय. हा माणूस लॉटरीवाल्या चौघांतला, हळदकुंकूवाले काका तेच.

त्यांचंच पुढचं सांगतो कारण ते कसे राहतात हे तुम्हाला बघायला मिळालं तर बरं होईल. पैसे आल्यावर मी त्यांना आणि काकूंना समोर बसवून एकच कागद लिहायला लावला. काय घ्यायचं ते नाही लिहायचं, काय बदलायचं नाही ते लिहायचं. काकांनी लिहिलं: हेच घर, हीच स्कूटर जोवर चालते तोवर, शनिवारी मारुती, खंडेराव मार्केटमधून भाजी मीच आणणार. काकूंनी बराच वेळ काहीच लिहिलं नाही, मग पेन घेऊन लिहिलं, पोळ्या मी करणार नाही. काका म्हणाले अगं हे बदलणाऱ्यातलं आहे, हा कागद न बदलणाऱ्यांचा आहे. त्या म्हणाल्या मला माहितेय, तरी लिहिते. पोळ्यांना बाई लागली, आजीसाठी कमोड बसवला, एका खोलीत एसी घेतला, मुलीचं एज्युकेशन लोन फेडलं. झालं. तेवढ्याने त्या घरात जेवढा फरक पडला तेवढा मी बंगल्यांनी पडलेला बघितलेला नाही. बाकीची रक्कम एफडी आणि थोडी इंडेक्स फंडात (शेअर बाजाराच्या निर्देशांकामागे चालणाऱ्या म्युच्युअल फंडात), बास.

बंगल्याचं म्हणाल तर, वासणा-भायली छान आहे, मी नाही म्हणत नाही. पण ६४ लाख अधिक टेनामेंटचे पैसे घालून बंगला घेतला तर तो अजून एक कमावता माणूस गेला, आणि उलट एक खाणारा आला. मेंटेनन्स, वॉचमन, क्लब हाउसची वर्गणी, फर्निचर, तिथल्या शेजाऱ्यांसारखे पडदे. हे शेजाऱ्यांचं प्रकरण हसण्यावारी नेऊ नका. हॉलंडमध्ये पोस्टकोडवर लॉटरी असते, बक्षिसात पैसे आणि बीएमडब्ल्यू, तिथे असं दिसलं की ज्यांना लागली नाही त्या शेजाऱ्यांनीही नव्या गाड्या घेतल्या. कॅनडात तर त्याहून पुढे, बक्षीस जितकं मोठं तितके आजूबाजूचे जास्त लोक दिवाळखोर झाले, बरोबरी करायला जाऊन. बंगल्यांच्या सोसायटीत तुम्ही कुणाचे तरी शेजारी होणार आणि तिथे बाकीच्यांचा पैसा दरवर्षी येतो, तुमचा एकदाच आलाय. मांजलपूरच्या टेनामेंटला वरती एक खोली चढवा, समोर ग्रिल लावा, रंग काढा, सगळं मिळून त्या बंगल्याच्या फर्निचरएवढ्यात होईल.

आता वर्षभर काय करायचं. मी सगळ्यांना सयाजीराव महाराजांची गोष्ट सांगतो, बडोद्यात ती सांगावी लागत नाही खरं तर. या गावात सगळ्यात मोठी लॉटरी कुणाला लागली? मालेगावजवळच्या कवळाण्याच्या शेतकऱ्याच्या बारा वर्षांच्या पोराला, गोपाळरावाला, म्हणजे पुढच्या सयाजीरावांना, १८७५ साली. बडोद्याचे राजे मल्हारराव पदच्युत झाले आणि त्यांच्या आधीचे राजे खंडेराव यांच्या विधवा जमनाबाईंनी याला दत्तक घेतलं. अक्षरओळखही नव्हती. आधीच्यांनी काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे, खंडेरावांनी मोत्यांचा गालिचा केला, मल्हाररावांनी सोन्याच्या तोफा. आणि या पोराच्या हातात लगेच काय दिलं? काही नाही. राज्य दिवाण टी. माधवराव बघत होते, इलियट साहेब रोज शिकवत होते, आणि पूर्ण अधिकार मिळाले १८८१च्या डिसेंबरात. सहा वर्षं! सयाजीरावांनी नंतर जे केलं ते त्या सहा वर्षांमुळे जमलं असं माझं मत आहे, इतिहासवाले वेगळं सांगतील. बाबांना सहा नाही, एकच वर्ष थांबायचंय. माझ्याकडे आम्ही याला दिवाणगिरी म्हणतो. त्या वर्षात पैसा दोन-तीन मोठ्या बँकांत वर्षाच्या एफडीत. ठेव विमा एका बँकेत एका माणसाला ५ लाखांपर्यंतच असतो हे खरं, पण म्हणून तेरा बँकांत खाती काढत बसू नका, स्टेट बँक, आयसीआयसीआय, एचडीएफसी या रिझर्व्ह बँकेच्या बुडू देता येणार नाहीत अशा यादीतल्या आहेत, तिथे ठेवा आणि जास्त व्याजाच्या लोभाने छोट्या सोसायटीत एक रुपया टाकू नका. खात्यात पैसे पडले की दुपारपर्यंत बँकेतून एक गोड आवाजाची मुलगी फोन करेल, सर तुमच्यासाठी खास प्लॅन आहे, दर वर्षी १० लाख भरायचे. माझ्या एका क्लायंटने असा प्लॅन फोनवरच हो म्हणून घेतला होता, कुठल्या बँकेचा ते जाऊ दे, दुसऱ्या वर्षी हप्ता भरता आला नाही, पहिल्यातले किती परत मिळाले ते सांगत नाही.

कुणाला सांगायचं, हा आईचा प्रश्न सगळ्यात अवघड. आई बरोबर आहे पण आता उशीर झालाय, तिघांना माहीत म्हणजे गणपतीपर्यंत गल्लीभर होणार. वर्गणीवाले पोरं येतील, पावती आधीच लिहून आणतील, मागच्या वर्षी २५१ होते तिथे यंदा ५१ हजार, आणि खाली मंडळाच्या अध्यक्षांची सही पण झालेली असेल. हे मी बघितलंय, पावती माझ्या टेबलावर आली होती, काका विचारत होते खर्चात दाखवता येईल का. अशा वेळी भांडू नका, सत्य नाकारूही नका, फक्त माझ्यासारख्या कुणाचं तरी नाव पुढे करा. "सीएनी सगळं अडकवून ठेवलंय, वर्षभर सही करत नाही म्हणतो." माझ्या एका क्लायंट बाईंनी हे इतकं सफाईने केलं की त्यांच्या चुलत दिरांनी मला रावपुऱ्यात गाठून झापलं, की तुम्ही विधवा बाईचे पैसे दाबून बसलात. मी म्हटलं हो, बसलोय. फी कशाची घेतो मग मी?

पण खरंच द्यायचं असेल, आणि काही ठिकाणी द्यायला पाहिजेच, तर एकदाच आकडा ठरवा, समजा ५ लाख, त्याचं वेगळं खातं काढा, ते संपलं की संपलं. देताना उसने म्हणून देऊ नका, देऊन टाका, परत मागायचा प्रश्न राहत नाही. चेकने किंवा ऑनलाइन द्या, रोख नको. आणि टॅक्समधली एक गंमत लक्षात ठेवा: सख्ख्या भावंडांना, आईवडिलांना, मुलांना दिलं तर घेणाऱ्याला टॅक्स नाही. मामाने भाच्याला दिलं तरी माफ. पण भाच्याने मामाला वर्षात ५० हजारांच्या वर दिले तर मामाला त्यावर टॅक्स, कारण कायद्याच्या व्याख्येत मामा भाच्याचा नातेवाईक आहे पण भाचा मामाचा नाही! चुलत-मावस भावंडं तर कुठूनच नातेवाईक नाहीत. आईच्या नावावर ठेवलं तर व्याज बाबांच्याच उत्पन्नात धरतात. आजी असेल आणि कुणी शहाणा सुचवेल की ज्येष्ठांच्या योजनेत ३० लाखांपर्यंत तिच्या नावावर टाका, व्याज चांगलं आहे, तर टॅक्सच्या दृष्टीने चूक नाही, पण मृत्युपत्र नसेल तर उद्या त्यात सगळ्या काका-आत्यांचा हिस्सा लागतो, नॉमिनी कोण आहे त्याने तो थांबत नाही. हे मी दोन घरात बघितलंय आणि दोन्ही घरात आता भाऊबीज होत नाही.

त्या तिघांचं काय करायचं? बाबांनी त्यांना आपणहून एकदा भेटावं, पेढे द्यावेत, आणि खरा आकडा सांगून टाकावा, कोटी नाही, टॅक्स जाऊन ६४, तोही एफडीत. अर्धवट माहितीला जास्त पाय फुटतात. तुमच्या वयाच्या मुलांना मी वेगळं सांगतो की स्टेटस ठेवू नका, फोटो टाकू नका, आणि मित्रांनी "हवे तो पार्टी जोईए" (आता तर पार्टी पाहिजे) म्हटलं की त्यांना शेव-उसळ खायला घाला, पोटभर, एकदाच.

बाबांना एकदा घेऊन या, आईलाही, तिच्याशिवाय नको. तिकीट आणू नका, झेरॉक्स आणा, पगाराची स्लिप आणि मागचं रिटर्न आणा. सकाळी दहाला आलात तर बरं, कारण अकराला ते गृहस्थ येतात, खिडकीजवळची खुर्ची घेतात आणि पेपर उघडतात, आणि बाबांचा विषय निघाला की तेही मध्ये बोलणारच. किंवा असं करा, अकरालाच या.